माज-संकालन (शेळ्या-मेंढ्यांतील)
कळपातील माद्यांना संप्रेरकांच्या साहाय्याने एकाच सुमारास माजावर आणण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियात टी. जे. रॉबिन्सन यांनी 1960 च्या दशकात प्रोजेस्टेरॉनसदृश संप्रेरकयुक्त योनिमार्गी स्पंज विकसित केला. माजाचे चक्र मेंढीत सु. 17, तर शेळीत सु. 21 दिवसांचे असते. मेंढीत स्पंज 12–14 दिवस ठेवतात. तो काढल्यावर संप्रेरकाचा अवरोध संपून अंडपुटके वाढतात व एक-दोन दिवसांत माज दिसतो. स्पंज काढताना गाभण घोडीच्या रक्तापासून मिळणारे गोनॅडोट्रॉपिन टोचल्यास अंडमोचनास चालना मिळते. याच कामासाठी वापरले जाणारे प्रोस्टाग्लँडिन पीतपिंडाचा ऱ्हास घडवते. म्हणून ते चक्र सुरू असलेल्या मादीतच उपयुक्त ठरते (पहा : अंतःस्रावी ग्रंथी). हंगामाबाहेरील प्रजनन, पूर्वनियोजित कृत्रिम रेतन आणि कळपातील वेत एकाच काळात येणे यांसाठी ही पद्धत महत्त्वाची आहे (पहा : कृत्रिम रेतन, मेंढी, शेळी).