रुग्णसेवेनुसार निधी (सार्वजनिक रुग्णालये)

रुग्णालयाने कोणत्या आजाराचे किती रुग्ण उपचार करून घरी सोडले, ते मोजून त्याला पैसे देण्याची पद्धत. साधारण सारख्या खर्चाचे आजार एका गटात घालून गटाला दर लावतात. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने ती १९८३ मध्ये घेतली, ऑस्ट्रेलियाने २०१२ पासून देशभर.

महाराष्ट्रात ती निव्वळ रूपात नाही. पुणे जिल्ह्यातली जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय यांचे पगार आणि मुख्य खर्च सरकारी तरतुदीतूनच भागतात. जोडीला पॅकेजचा, म्हणजे उपचारागणिक ठरलेल्या दराचा, पैसा येतो तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. राजीव गांधींच्या नावाने ही योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस राज्यभर पोचली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाल्यावर शुल्काचे किरकोळ उत्पन्नही थांबले, आणि योजनेकडे केलेल्या क्लेमचे, म्हणजे पॅकेजच्या पैशांच्या मागणीचे, मोल वाढले.

डॉक्टरांना हा पैसा नकोसा नसतो. काम करणाऱ्या रुग्णालयाच्या हाती काही पडावे, हे त्यांनाही पटते. अडते ते मोजणीपाशी. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातून सर्पदंशाचा रुग्ण रात्री घोडेगावला आला, त्याला प्रतिसर्पविष दिले, श्वास सांभाळत पुढे पाठवले, तर जीव वाचवणारा तास इथला आणि पॅकेज पुढच्या रुग्णालयाचे. पुणे-नाशिक महामार्गावरच्या अपघातांतही बहुधा हेच. कुत्रा चावलेल्याची लस, मधुमेह-रक्तदाबाची ओपीडी यांचा तर क्लेमशी संबंधच नाही. तालुक्याच्या डॉक्टरचा दिवस मात्र त्यातच जातो. क्लेमसाठी पूर्वपरवानगी, तपासण्यांचे अहवाल, फोटो जोडावे लागतात. योजनेने नेमलेला आरोग्यमित्र मदतीला असला तरी वैद्यकीय नोंद डॉक्टरचीच, आणि ती अपुरी राहिली की क्लेम अडकतो.

आणखी एक आक्षेप अधिक मूलभूत आहे. महिन्यात सिझेरियन दोन होवोत की वीस, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय तयारच ठेवावी लागते. दर प्रतिरुग्ण असला की कमी वस्तीच्या भागातली ही तयारी तोट्याची दिसते. पैसे देणाऱ्यांची भीती उलटी असते: सोपे रुग्ण ठेवून घेतले जातील, अवघड रेफर होतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ऑस्ट्रेलियाने या अडचणीमुळेच लहान ग्रामीण रुग्णालयांना रुग्ण मोजून पैसे देण्याऐवजी ठोक अनुदान चालू ठेवले.