सिद्दी

पूर्व आफ्रिकेतून गुलाम, सैनिक व खलाशी म्हणून भारतात आलेल्यांचे वंशज. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मुरुडजवळ सिद्दींचे जंजिरा संस्थान होते. मराठ्यांना जंजिऱ्याचा जलदुर्ग अखेरपर्यंत घेता आला नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. मुरुडलगत खोकरी येथे सिद्दींच्या कबरींचे दगडी घुमट असून सर्वांत मोठा सिद्दी सिरूलखानाचा आहे.

समाजातील सर्वश्रेष्ठ पुरुष निःसंशय मलिक अंबर (सु. १५४८–१६२६). इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला हा गुलाम निजामशाहीचा वजीर झाला. त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली, खडकी (छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात खेळवले. त्याची कबर खुलदाबादला आहे.

अलीकडे याच समाजातील हिराबाई लोबी (गुजरात) यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य झाले. न्यूयॉर्कच्या शोमबर्ग केंद्राने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी वंशीयांवर प्रदर्शन भरवले. मराठीत मात्र सिद्दी अजून बहुधा शिवकाळातील शत्रू म्हणूनच भेटतो. ही ओळख अपुरी आणि अन्यायाची आहे.