वॉशआउट

वॉशआउट : पुराच्या पाण्याने लोहमार्ग, रस्ता किंवा पूल यांच्याखालची माती वाहून जाणे. सपशेल अपयश, फज्जा या अर्थानेही हा इंग्रजी शब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंद लोहमार्गापुरती आहे.

कारणे व क्रिया : भरावामुळे पाण्याची वाट अडते, म्हणून ओढ्या-नाल्यांसाठी त्यात मोऱ्या ठेवतात. मोरी अपुरी असली किंवा गाळाने, झाडाझुडपांनी बुजली, की पाणी वरच्या अंगाला तुंबते आणि रुळांवरून वाहू लागते. आधी खडी जाते. मग पलीकडच्या उतारावरची माती खरवडत पाणी भराव आतपर्यंत कापते. रूळ मात्र स्लीपरांसकट अधांतरी लोंबत राहू शकतात. ते अखंड असल्याने रुळांतील विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या सिग्नल यंत्रणेला धोका कळत नाही आणि अंधारात चालकालाही तो दिसत नाही.

प्रमुख अपघात : २३ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुराने पूल खचून शंभराहून अधिक प्रवासी दगावले. जबाबदारी स्वीकारून रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. २९ ऑक्टोबर २००५ रोजी आंध्र प्रदेशात वलिगोंडाजवळ तलाव फुटून लहान पूल वाहून गेला. तेथे डेल्टा पॅसेंजर कोसळून शंभरावर बळी गेले. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशातील हरदाजवळ माचक नदीच्या पुराने भराव खचला आणि मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्स्प्रेस व मुंबईकडे येणारी जनता एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या काही मिनिटांच्या अंतराने घसरल्या.

प्रतिबंध : पावसाळ्यापूर्वी मोऱ्या व गटारे साफ करणे, वरच्या अंगाच्या तलावांची पाहणी करणे आणि पावसाळी गस्त हे मुख्य उपाय होत. मार्ग खचलेला आढळला, तर ब्रॉडगेजवर गस्तवाला धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके रुळावर बसवतो. चाकाखाली ते फुटताच चालक गाडी थांबवतो. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असते. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाल्यास वेग ताशी ४० किमीपर्यंत उतरवतात. काळी, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पूरसूचक यंत्रे आहेत.

वॉशआउटची नोंद नैसर्गिक आपत्ती म्हणून होत असली, तरी मोरीचा आकार ठरवणे आणि ती साफ राखणे माणसाच्याच हाती आहे. म्हणून भर पावसात रात्री रूळ तपासत चालणाऱ्या गस्तवाल्याचे काम चालकाच्या कामाइतकेच मोलाचे ठरते.