सिंहगडावरून दिसणारा घुमट

परवाच्या वीकांताला बऱ्याच दिवसांनी सिंहगडावर गेलो. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, आणि मग सवयीने कड्यापाशी जाऊन उभा राहिलो. खाली खडकवासल्याचं पाणी आणि पलीकडच्या काठाला झाडीत लपलेली एन.डी.ए. हवा स्वच्छ असेल आणि नेमकं कुठे बघायचं ते माहीत असेल, तर सुदान ब्लॉकचा घुमटही सापडतो. कुठे बघायचं ते मला मावशीने शिकवलं होतं.

1999 च्या जूनमध्ये माझा मावसभाऊ एन.डी.ए.त दाखल झाला. (घरी सगळे त्याला बंड्या म्हणतात. आता कर्नल झालाय, तरी म्हणतात.) मावशी राहायची कर्वेनगरला. म्हणजे घरापासून अकादमीचं फाटक फार तर आठ-दहा किलोमीटर. केरळातून, मणिपूरमधून आलेल्या मुलांच्या आया दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून पोरांना सोडायला आल्या होत्या, आणि आमची मावशी रिक्षाने. सगळे तिला म्हणाले, तुझं काय बाई, हाकेच्या अंतरावर आहे तुझा. तिलाही तसंच वाटलं होतं.

पण पहिल्या टर्ममधे कॅडेटला बाहेर सोडत नाहीत. आधी ड्रिलची परीक्षा पास व्हावी लागते, मग रविवारची सुट्टी. बंड्याचे पाय लहानपणापासून डावे-उजवे. दोनदा नापास झाला :) त्यात जुलै 99, कारगिल चालू. मनोज पांडे हा अधिकारी गेल्याची बातमी आली तेव्हा पेपरात लिहिलं होतं की तो एन.डी.ए.चा, वय 24. मावशीने तो पेपर रद्दीत घातला नाही आणि पुन्हा उघडूनही बघितला नाही.

त्या पावसाळ्यानंतर ती दर एक-दोन रविवारांआड सिंहगड चढायला लागली. गुडघेदुखी विसरून. सोबतीला मी, कारण मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि रविवारी मला काही काम नसायचं. काकांची जुनी दुर्बीण पिशवीतून न्यायची. एकदा मी विचारलं, "मावशी, एवढ्या लांबून तुला तो दिसणार आहे का?"

"तो नाही रे दिसणार. पण तो जिथे आहे ते तरी दिसतं."

तेव्हा मला हे जरा अतीच वाटलं होतं. नंतर अधूनमधून या विषयावर जे हाती लागेल ते वाचत गेलो. हिंदुस्थानातल्या मुलांना अधिकारी करायचं, तर त्यांना घरापासून किती लांब न्यायचं, हा प्रश्न गेली शंभर वर्षं कुणी ना कुणी सोडवत बसलेलं आहे. उत्तरं मोठी मजेशीर आहेत.

सुरुवात अर्थातच इंग्रजांपासून. 1917 साली त्यांनी हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळण्यावरची बंदी उठवली आणि 1918 पासून सॅण्डहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला 10 जागा ठेवल्या. दहा! सबंध हिंदुस्थानासाठी. मुंबईहून बोटीने दोन-तीन आठवड्यांचा प्रवास, मग दीड वर्षाचं शिक्षण, आणि खर्च बापाच्या खिशातून. मधल्या सुट्टीत घरी येणं शक्यच नव्हतं, सुट्टीचे दिवस निम्मे वाटेतच गेले असते. त्यामुळे मुलं सुट्टीतही तिकडेच राहायची. आमच्या भाषेत सांगायचं तर पत्र पाठवून उत्तर यायचा लेटन्सी सव्वा-दीड महिना.

मुलं तिथे मोठ्या संख्येने नापास व्हायला लागली. यात काय नवल? कोवळी पोरं, परकी भाषा, परकं अन्न, थंडी, वर्गात आपल्यासारखे दोन-चार. पण सरकारने काढलेला निष्कर्ष बघा. मुलं घरापासून फार लांब पडतात म्हणून कॉलेज जवळ आणू, असं त्यांना वाटलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं की मुलं पुरेशा लहान वयात घरापासून तोडलेली नाहीत. म्हणून डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघालं, 13 मार्च 1922 ला. त्यात मुलं घ्यायची अकरा-बारा वर्षांची आणि सहाएक वर्षं इंग्लिश पब्लिक स्कूलच्या साच्यात ठेवायची, म्हणजे पुढे सॅण्डहर्स्टला गेल्यावर ती बावरणार नाहीत. बग फिक्स करायच्या ऐवजी तोच बग सहा वर्षं अलीकडे ढकलला.

पुढे जनरल झालेले थिमय्या त्या शाळेच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. 1926 साली ते सॅण्डहर्स्टमधून कमिशन घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरातही. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, जे पुढे आझाद हिंद सेनेत गेले, तेही याच डेहराडून-सॅण्डहर्स्ट वाटेने गेलेले.

मुलगा परत आला की काय व्हायचं? बोट मुंबईला लागायची, तो मायदेशी उतरायचा, पण घरी राहायचा नाही. नव्या अधिकाऱ्याला पहिलं वर्षभर हिंदुस्थानातल्याच एखाद्या ब्रिटिश पलटणीबरोबर काढावं लागे. म्हणजे वर्ष-दीड वर्ष इंग्लंडात राहून परत यायचं आणि पुन्हा एक वर्ष इंग्रजांच्याच मेसमध्ये काटा-चमच्याने जेवायचं. त्यानंतर हिंदी पलटण. तीही कुठलीही नाही, 1923 मध्ये ठरवलेल्या आठांपैकीच एखादी, म्हणजे कुणा इंग्रज अधिकाऱ्याला नेटिव्हाचा हुकूम ऐकावा लागायला नको. (या आठांत मराठा पलटणीची पाचवी बटालियनही होती.)

आपल्याकडे यावर सगळेच गप्प बसले होते असं नाही. 1925 मध्ये जनरल स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यात चक्क बॅ. जिना होते, काही काळ मोतीलाल नेहरूही. जिना आणि आणखी दोघे सॅण्डहर्स्ट, फ्रान्सचं सॅं सीर आणि अमेरिकेचं वेस्ट पॉइंट अशी लष्करी कॉलेजं बघत जग फिरून आले. समितीचा सूर असा, की परदेशचा खर्च आणि अंतर यामुळे चांगल्या घरातली मुलं येतच नाहीत, तेव्हा कॉलेज इथेच काढा. सरकारने टाळाटाळ केली. मग गोलमेज परिषद झाली, आणखी एक समिती झाली, आणि 1932 च्या ऑक्टोबरात डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी एकदाची सुरू झाली. पहिल्या तुकडीत 40 मुलं. त्यातला एक अमृतसरच्या पारशी डॉक्टरांचा मुलगा. त्याला विलायतेला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं, पण वडील म्हणाले तू अजून लहान आहेस, एवढ्या लांब पाठवणार नाही. तो चिडला आणि लष्कराची परीक्षा देऊन बसला. तेच सॅम माणेकशॉ. बापाने मुलाला लांब पाठवलं नाही म्हणून देशाला फील्डमार्शल मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

तर मुद्दा असा की अंतर कमी झालं. पण मी आकडे मांडून बघितले तेव्हा गंमत लक्षात आली. सॅण्डहर्स्टला दीड वर्ष लागायचं. डेहराडूनला अडीच वर्षं. पुढे 1949 मध्ये तिन्ही दलांचं एकत्र शिक्षण सुरू झालं, 1955 च्या जानेवारीत एन.डी.ए. रीतसर खडकवासल्याला आली, आणि तिथले तीन वर्षं अधिक भूदलाच्या मुलांना डेहराडूनचं एक, अशी चार झाली. 1961 साली साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तिथे मुलगा सहावीत जातो. साताऱ्यातून खडकवासला आणि मग डेहराडून असा गेला तर सात अधिक तीन अधिक एक, अकरा वर्षं. साहेबाने समुद्रापलीकडे नेऊन दीड वर्षात जे केलं, ते आपण घराजवळ आणून लांबवलं. आता मधे सुट्ट्या असतात हे खरं. पण घर जवळ असलं म्हणून कुणाला घरी सोडत नाहीत. कर्वेनगरचा असो की कोहिमाचा, फाटक सगळ्यांना सारखंच बंद.

आणि हे मुद्दाम आहे. डिसेंबर 1932 मध्ये अकादमीचं उद्घाटन करताना सरसेनापती चेटवुड जे बोलले, ते आजही तिथल्या मुलांना पाठ असतं. आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही स्वतः. हा क्रम मी बंड्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मावशी भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "यात घर कितव्या नंबरावर आहे रे?" बंड्याला उत्तर देता आलं नाही. मलाही अजून सापडलेलं नाही.

हे सगळं अधिकाऱ्यांचं झालं. बेळगावला मराठा सेंटरमध्ये शिपाई म्हणून भरती झालेल्या पोरांच्या आयांबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नाही. आठवणी लिहिल्या त्या जनरल लोकांनी. जवानांच्या आयांना पत्र आलं तरी वाचून दाखवायला दुसरं कोणीतरी शोधावं लागे. आता शपथेच्या परेडला आई-वडिलांच्या छातीवर गौरव पदक लावतात, ही त्यामानाने फार अलीकडची गोष्ट.

असो. 1999 च्या डिसेंबरमध्ये टर्म संपली आणि बंड्या पहिल्यांदा घरी आला. मावशीने पुरणपोळीचा घाट घातला होता. दार उघडलं तर समोर काळा पडलेला, केस भादरलेला, निम्मा झालेला एक मुलगा ताठ उभा. तो वाकून पाया पडला, मग काकांकडे वळून चुकून "गुड आफ्टरनून, सर" म्हणाला. आम्ही सगळे फिस्सकन हसलो. मावशी नाही हसली. जेवताना त्याने सात-आठ मिनिटांत पान साफ केलं आणि उठायची परवानगी मागितली. रात्री सगळे झोपल्यावर मावशी त्याच्या खोलीत गेली, तर पांघरुणाची चौकोनी घडी आणि हा नुसत्या चादरीवर, कारण सकाळी घडी घालायचा वेळ वाचतो. हे तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

2002 च्या उन्हाळ्यात त्याची पासिंग आऊट परेड झाली. तेव्हा 'ऑपरेशन पराक्रम' चालू होतं, सीमेवर सैन्य उभं होतं आणि युद्ध होणार की नाही एवढीच चर्चा सगळीकडे. खेत्रपाल परेड ग्राउंड. त्या नावाचा अधिकारी 1971 च्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेला, हे काकांनी मावशीला सांगायला नको होतं. शेकडो मुलं एकसारखी. त्यांतला आपला कुठला हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. संथ चालीत अंतिम पग ओलांडून मुलं आत गेली, वरून विमानं गेली, आणि मग एकदम सगळी शिस्त मोडली. टोप्या हवेत, आणि मैदानावर आया आपापली पोरं शोधत धावतायत. 30 मे 2025 ला 17 मुली तिथून पहिल्यांदा बाहेर पडल्या, तेव्हाचे फोटो पेपरात बघितले. गर्दीत आपलं माणूस शोधणारे चेहरे अगदी तसेच.

पुढे डेहराडूनला जाण्याआधी बंड्याला थोडे दिवस सुट्टी होती. मावशी म्हणाली, चल सिंहगडावर. तोपर्यंत तो कधी तिच्याबरोबर आला नव्हता, कारण सिंहगड चढणं ही त्यांच्याकडे शिक्षा असते आणि त्याने ती भरपूर भोगली होती. पण या वेळी आला. वर पोचल्यावर मावशीने पिशवीतून दुर्बीण काढली, घुमट शोधला आणि त्याच्या हातात दिली. "हे बघ. इथून मी तुझ्याकडे बघायची."

त्याने बघितलं. मग जरा चाचरत म्हणाला, "आई, तो सुदान ब्लॉक. तिथे ऑफिसं आहेत. आम्ही तिकडे नाही राहत. आमचं स्क्वाड्रन तिकडे, झाडीत. इथून नाही दिसत."

मी म्हटलं, झालं, तीन वर्षं चुकीच्या इमारतीला नमस्कार! मावशी काहीच बोलली नाही. मग बंड्याने तिला त्या इमारतीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकासाठी सुदानने एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर त्यातले 70 हजार आपल्या वाट्याला आले आणि ते या अकादमीच्या बांधकामात गेले. 1941 साली तिकडे एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर मराठा पलटणीही लढल्या होत्या.

"म्हणजे आपल्याकडची मुलं?" मावशीने विचारलं.

"हो. सातारा, कोल्हापूर, कोकण, सगळीकडची."

"ती परत आली?"

"बरीच नाही आली."

तिने त्याच्या हातातून दुर्बीण घेतली आणि परत त्या घुमटाकडे लावली. आम्ही दोघं दह्याची मडकी घेऊन आलो तरी ती तशीच बघत उभी होती.