पाचव्या दिवसाचा ताप

१९१५ साली पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश डॉक्टरांपुढे एक अनोळखी ताप आला. धडधाकट सैनिक एकाएकी फणफणायचा, डोके ठणकायचे, नडग्या इतक्या दुखायच्या की पांघरुणाचा भारही सोसवत नसे. ताप उतरायचा आणि साधारण पाचव्या दिवशी परत चढायचा. सैनिकांनी त्याला नाव दिले ‘ट्रेंच फीव्हर’, म्हणजे खंदकाचा ताप. त्याने माणूस सहसा मरत नसे, पण कित्येक आठवडे कामातून जाई.

या तापाने साहित्याच्या इतिहासालाही हात लावला आहे. १९१६च्या ऑक्टोबरअखेर सोमच्या रणांगणावर जे. आर. आर. टॉल्किन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला तो आला आणि नोव्हेंबरात त्याची इंग्लंडला पाठवणी झाली. शाळेपासूनचे त्याचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी युद्धात गेले. तो मात्र वाचला, आणि त्या आजारपणाच्या काळातच त्याच्या कल्पित जगातल्या पहिल्या कथा कागदावर उतरू लागल्या.

ताप पसरवणारी ऊ आहे, हे १९१८मध्ये सिद्ध झाले. त्यासाठी सैनिकांनी स्वेच्छेने स्वतःवर प्रयोग करून घेतले. ही डोक्यातली नव्हे, कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ. दोष तिच्या चावण्यापेक्षा तिच्या विष्ठेचा: माणूस खाजवतो आणि ती विष्ठा ओरखड्यातून आत जाते. उपाय साधा होता. अंघोळ आणि धुतलेले कपडे. खंदकात नेमके तेच मिळत नव्हते.

युद्ध संपले, कपडे बदलले, ताप ओसरला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा डोकावला आणि मग पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदापुरता उरला. त्याच्या जिवाणूचे आजचे नाव ‘बार्टोनेला क्विंटाना’. त्यातला ‘क्विंटाना’ म्हणजे तोच पाचवा दिवस.

दरम्यान, हृदयाच्या झडपांना होणाऱ्या जंतुसंसर्गाचा अभ्यास वेगळ्याच वाटेने चालला होता. विल्यम ऑस्लर यांनी १८८५मध्ये लंडनच्या व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर वर्णन केले होते. पुढे रक्त कल्चरला लावून जंतू ओळखण्याची पद्धत रुळली. बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस सापडतात. पण काही रुग्णांच्या झडपा झिजत जातात, ताप हटत नाही आणि कल्चरच्या बाटलीत काहीच वाढत नाही. अशा वेळी रोग्याच्या रक्तातली प्रतिद्रव्ये तपासावी लागतात किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेत जिवाणूचा डीएनए शोधावा लागतो.

असाच शोध घेताना १९९०च्या दशकात तो जुना ताप हृदयात सापडला. १९९५मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांच्याही झडपांना बार्टोनेला क्विंटानाची लागण झाली होती. त्यांच्यापैकी कुणी युद्धावरून आलेला नव्हता. तिघेही बेघर होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या बेघर रुग्णांच्या रक्तातही हाच जिवाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

खंदक गेले होते, पण दिवसेंदिवस तेच कपडे अंगावर ठेवून उघड्यावर निजणारी माणसे श्रीमंत शहरांतही होती. जिवाणू त्यांच्यापाशी राहिला. अंगात तो महिनोन्महिने मुकाट्याने राहू शकतो, फारसा तापही येऊ न देता. रोगी दवाखान्यात पोहोचतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते आणि अनेकदा झडप बदलण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

वैद्यकाच्या पुस्तकांत हा जिवाणू ‘दुर्मीळ’ म्हणून नोंदला जातो. पण ज्याला घर नाही त्याचे रक्त तपासायला जाते तरी किती वेळा? कल्चरच्या बाटलीत हा जिवाणू सहज वाढत नाही. म्हणून त्याचा संशय यायला आधी रोग्याला एक साधा प्रश्न विचारावा लागतो: रात्री झोपता कुठे? १९१५च्या डॉक्टरांना तो विचारावा लागला नाही. त्यांचे रोगी कुठे झोपतात, हे साऱ्या जगाला ठाऊक होते.