पॅलेस थिएटर

१२. पॅलेस थिएटर : कोल्हापूरचे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १९१५ साली ते उभे राहिले. पाठीला पाठ लावून त्यांनीच बांधवलेले खासबाग कुस्ती मैदान आहे. गवई, नट आणि मल्ल यांना शेजारशेजारी जागा देणारा असा राजा विरळाच.

केशवराव (१८९०–१९२१) कोल्हापूरचेच. घरची गरिबी, म्हणून बालवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि ‘शारदा’ने नावारूपाला आले. १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श काढली, तेव्हा त्यांचे वय अठराही नव्हते. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवरावांचा धैर्यधर होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच ते गेले. मराठी संगीत रंगभूमीचे एवढे मोठे नुकसान क्वचितच झाले असेल.

नाट्यगृहाला त्यांचे नाव स्वातंत्र्यानंतर मिळाले. त्याआधीच्या आठवणी असल्याने लेखकाने जुनेच नाव वापरले आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, लागलेल्या आगीत रंगमंच आणि प्रेक्षागृह जळाले. लेखकाने वर्णिलेला रंगमंच त्या आगीपूर्वीचा आहे. कोल्हापूरकरांच्या घरी या नाट्यगृहाची जुनी छायाचित्रे, हस्तपत्रके किंवा तिकिटे असतील, तर ती कृपया रद्दीत देऊ नयेत. – संपादक