खानेसुमारीतील अहिराणी

१९९१च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या सदराखाली ९,७३,७०९ माणसे नोंदली गेली. २००१ साली ती २०,७५,२५८ झाली आणि २०११ साली १८,६०,२३६ वर उतरली. म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून अधिक, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी! आता जळगाव-धुळ्याकडे पाळणे काही एवढे हलले नाहीत, आणि माणसेही अशी नाहीशी झाली नाहीत. हलली ती नावे.

दारी येणारा प्रगणक, बहुधा शाळामास्तर, मातृभाषा विचारतो. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, भाषा की बोली हा वाद त्याने घालू नये, असा नियम आहे. जमलेली नावे मग तज्ज्ञांपुढे जातात. २०११ साली देशभरातून १९,५६९ नावे आली. छाननीत १,३६९ मातृभाषा ठरल्या. १,४७४ नावांचा पत्ता लागेना, ती ‘इतर’मध्ये गेली. ठरलेली नावे मग एकेका भाषेखाली बसवतात. अहिराणी आणि गुजरी ‘खानदेशी’खाली येतात.

यातली गुजरी मोठी फसवी. ही खानदेशातल्या गुजर शेतकऱ्यांची बोली. काश्मीरकडच्या गुज्जर पशुपालकांची गोजरी निराळी; २०११च्या तक्त्यात ती हिंदीखाली आहे. नुसत्या नावावर विसंबले तर शहाद्याचा शेतकरी पूंछच्या डोंगरात जाऊन बसायचा! अशी चूक पकडायची तर नाव एकटे वाचायचे नाही, जिल्ह्याबरोबर वाचायचे.

ग्रियर्सनसाहेबाने नावापेक्षा बोलण्यावर भर दिला. १८९४ साली सुरू झालेल्या भाषा-पाहणीत त्याने बायबलातल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलींत उतरवून मागवली आणि व्याकरण ताडून पाहिले. खानदेशीला तोवर मराठीची बोली समजत. १९०७च्या खंडात त्याने तिला मराठीपासून काढून भिल्लीशेजारी ठेवले. ‘मना भाऊ’, ‘तुनी माय’ यांतला ना-नी गुजरातीकडे झुकतो, हे खरेच. पण ‘माले’, ‘तुले’ यांतला ‘ले’ वऱ्हाडीतही आहे. म्हणून त्याचा निकाल मला काही पुरता पटत नाही. तरी त्याची रीत चोख होती. ती आपण वापरली असती, तर बहिणाबाई चौधरींची गाणी अहिराणीत आहेत असे म्हणणारे आज भेटले ना. असोद्याच्या या लेकीची बोली लेवा गणबोली.

कचेरीत झालेली चूक कचेरीत सुधारता येते. मूळ नोंद काढून क्रमांक बदलला की झाले. दारातली चूक तशी सापडत नाही. घरात ‘कथा जास?’ म्हणणारा माणूस परक्यापुढे ‘मराठी लिहा’ म्हणतो, मास्तर लिहितो, आणि कागद निर्दोष दिसतो. एका गावात सगळे अहिराणी आणि शिवेपलीकडे सगळे मराठी असे दिसले, तर मात्र तिथे लेखणीचा संशय घ्यावा. पण मग त्या गावी पुन्हा जाऊन विचारावे लागते. आणि बागलाण, कळवण एकवेळ जवळ. सुरतेला पोटासाठी गेलेल्या अहिराणी घरांचे काय? तिथे दारात उभा असलेला प्रगणक बहुधा गुजराती भाषेचा, आणि ‘खानदेशी’ हे मुलखाचे नाव की भाषेचे, हे त्याला कुणी सांगितलेले असते?